हातातल्या कामाशी जुळणारं जुनं आपोआप समोर कसं आणायचं

वाचलेलं पान, लिहिलेलं टिपण, चाळलेली पीडीएफ, सगळं मशिनमध्येच कुठंतरी असतं. पण ते आपल्याकडे आहे हेच आठवत नसेल, तर शोधपेटीत टाइप तरी काय करणार? म्हणून संगणकानंच आपलं काम पाहत राहायचं आणि त्याच्याशी जुळणारं जुनं काही असेल तर न विचारता पुढं ठेवायचं. १९९०च्या दशकात एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये ब्रॅडली ऱ्होड्स आणि थॅड स्टार्नर यांनी ईमॅक्स या एडिटरमध्ये असाच सहायक बसवला होता. वर माणूस लिहितोय आणि खालच्या मोजक्या ओळींत जुन्या मेल-टिपणांची यादी आपोआप बदलतेय. आज नोंद ठेवायची साधनं फुकट मिळतात, तो भाग एका दुपारचा आहे. खरी मेहनत पुढं आहे: चालू कामातून प्रश्न काढणं आणि बहुतेक वेळा गप्प बसणं.

काय नोंदवायचं, काय नाही

पाच गोष्टी पुरतात: समोरच्या विंडोचं अॅप आणि टायटल, ब्राउझरमधल्या चालू टॅबचा पत्ता, उघड्या फाइलचा पाथ, त्या पानातला किंवा फाइलमधला मजकूर आणि माणूस खरंच समोर बसलाय की उठून गेलाय.

कळा नोंदवू नका. पासवर्ड त्यातूनच गळतात हे एक कारण. दुसरं म्हणजे त्यातून मराठी मिळतच नाही. फोनेटिक कीबोर्डवर लिहिताना कळांच्या पातळीवर रोमन अक्षरं आणि बॅकस्पेस एवढंच दिसतं, देवनागरी अक्षर इनपुट मेथड नंतर जुळवते. टाइप केलेला मजकूर हवाच असेल तर सेव्ह झालेली फाइल वाचा, नाहीतर अॅक्सेसिबिलिटीच्या सोयीतून घ्या: विंडोजवर यूआय ऑटोमेशन, लिनक्सवर एटी-एसपीआय.

स्क्रीनशॉटचा मोह होतो, पण हिशेब करून बघा. दर ५ सेकंदांना एक म्हटलं तर ८ तासांत ५,७६० चित्रं. प्रत्येकी २०० केबी धरली तरी दिवसाला जवळजवळ १.१५ जीबी. त्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातला मजकूर ओळखणारा प्रोग्रॅम, चालवायचा आणि त्याच्या चुकाही इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठीच्या शब्दसूचीत, भरायच्या. मायक्रोसॉफ्टनं मे २०२४मध्ये पडद्याचे सतत फोटो घेणारं रिकॉल जाहीर केलं, तेव्हा त्याचा डेटाबेस मशिनवर साधा वाचता येतो हे संशोधकांनी लगेच दाखवून दिलं आणि कंपनीला ते पुढं ढकलावं लागलं. मजकूर थेट मिळत असताना त्याचा फोटो काढून परत वाचण्यात अर्थ नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफसाठी मात्र टेसरॅक्ट हा ओसीआर प्रोग्रॅम ठेवा. त्यात मराठीचं मॉडेल आहे आणि सुमारे ३०० डीपीआयच्या प्रतिमेवर ते बरं चालतं.

नोंदणी चालू करणं

अॅक्टिव्हिटीवॉच हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं आणि सगळी नोंद आपल्याच मशिनवर ठेवतं. बसवल्यावर ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या, म्हणजे आपल्याच मशिनच्या, ५६०० पोर्टवर डॅशबोर्ड उघडतो. विंडो पाहणारा वॉचर आणि अनुपस्थिती पाहणारा वॉचर सोबतच येतात. दुसरा ३ मिनिटं माऊस-कीबोर्ड हलला नाही की माणूस नाही असं धरतो. ब्राउझरचं एक्स्टेन्शन वेगळं टाकावं लागतं. ते नसेल तर टॅबचं नाव मिळतं पण पत्ता मिळत नाही, आणि पत्त्याशिवाय पुढचं सगळं अडतं.

मॅकवर अॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते. ती नसेल तर अॅपची नावं येतात आणि टायटल रिकामी राहतात. लिनक्सवर विंडो दाखवणारी व्यवस्था वेलँड असेल तर एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची विंडो दिसू नये अशीच त्याची रचना आहे, त्यामुळे आपल्या कंपोझिटरसाठी (विंडो रचून दाखवणारा प्रोग्रॅम) बनवलेला वॉचर शोधावा लागतो किंवा सोय असेल तर एक्स११ या जुन्या व्यवस्थेच्या सत्रात लॉगिन करावं लागतं.

एकसारख्या लागोपाठच्या नोंदी अॅक्टिव्हिटीवॉच जोडून एक करतं. गोची इथंच होते. मेलच्या टॅबचं टायटल "(३) इनबॉक्स"वरून "(४) इनबॉक्स" झालं की ती नवी नोंद. टर्मिनलच्या टायटलमध्ये फिरणारं चिन्ह असेल तर तासाभरात शेकडो तुकडे. म्हणून पुढं वापरण्याआधी कंसातले आकडे, फिरती चिन्हं, "सेव्ह न केलेली" ही खूण सांगणारा तारा, सगळं पॅटर्न लावून काढा आणि वेळ पत्त्यानुसार किंवा पाथनुसार बेरीज करून धरा. दिवसभरात एकूण १५ सेकंदांपेक्षा कमी पाहिलेलं पान इंडेक्समध्ये घेऊच नका. तो बहुतेक नुसता वाटेवरचा थांबा असतो.

जुना इतिहासही भरता येतो. क्रोम गेल्या ९० दिवसांचा इतिहास एसक्यूलाइट फाइलमध्ये (एकाच फाइलमधला डेटाबेस) ठेवतं. ब्राउझर चालू असताना ती लॉक असते, तेव्हा कॉपी करून कॉपी उघडा. त्यातली वेळ १ जानेवारी १६०१पासूनच्या मायक्रोसेकंदांत असते. दहा लाखांनी भागून ११,६४,४४,७३,६०० वजा केले की नेहमीची १९७०पासूनची सेकंदं मिळतात. फायरफॉक्समध्ये मात्र मायक्रोसेकंद १९७०पासूनचेच असतात.

गाळणी लिहिण्याआधी लावा

बँक, आरोग्य, पासवर्ड मॅनेजर, खासगी चॅट यांची यादी करा आणि डिस्कवर काही लिहिलं जाण्याआधीच ते गाळा. नंतर पुसू म्हटलं तर पुसलं जात नाही: एसक्यूलाइटमध्ये ओळ डिलीट केली तरी मजकूर फाइलच्या मोकळ्या पानांत पडून राहू शकतो आणि शोध-इंडेक्समध्ये शब्द उरू शकतात. इंडेक्सवर ऑप्टिमाइझ आणि मग पूर्ण फाइलवर व्हॅक्यूम या आज्ञा चालवल्याशिवाय निश्चिंत होऊ नका, आणि बॅकअप वेगळे तपासा.

प्रायव्हेट विंडोंचा एक छुपा मार्ग आहे. एक्स्टेन्शन तिथं आपणहून चालत नाही, हे ठीक. पण विंडो पाहणाऱ्या वॉचरला टायटल दिसतंच. भरवशाचा नियम असा: ब्राउझरची विंडो असेल आणि त्याच वेळी एक्स्टेन्शनकडून तशाच टॅबची नोंद आलेली नसेल, तर ते टायटल टाकून द्या.

डेटाबेसला स्वतःचं कुलूप नसतं. डिस्क एन्क्रिप्शन चालू ठेवा, ५६०० पोर्ट नेटवर्कवर उघडू नका आणि ही फाइल क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. चालू डेटाबेस सिंकमध्ये अर्धवट कॉपी होऊन बिघडतो, ही त्यातली कमी वाईट शक्यता. आणि हे सगळं स्वतःच्या मशिनवर, स्वतःसाठी. दुसऱ्याच्या नकळत बसवलं तर ती पाळत झाली.

मजकूर आणि इंडेक्स

नोंदीतला पत्ता घेऊन रात्री पान परत डाउनलोड करायचा बेत सोडा. लॉगिनमागच्या पानांऐवजी शेकडो लॉगिन पानं जमा होतील. पान उघडं असतानाच एक्स्टेन्शनमधून मजकूर उचला. अॅक्टिव्हिटीवॉचचं एक्स्टेन्शन हे करत नाही, त्यासाठी छोटं वेगळं लिहावं लागतं. फायरफॉक्सच्या रीडर व्ह्यूमागची रीडेबिलिटी ही लायब्ररी मेनू आणि जाहिराती बऱ्यापैकी वगळते. पीडीएफसाठी पॉप्लर या मुक्त संचातलं पीडीएफ-टू-टेक्स्ट पुरतं. मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारी छोटी ओळखखूण, काढून ठेवा, म्हणजे तेच पान दहा पत्त्यांवरून आलं तरी एकदाच साठेल.

शोधासाठी एसक्यूलाइटची मजकूर-शोधाची सोय, एफटीएस५, पुरेशी आहे, पण मराठीसाठी ती जशीच्या तशी वापरली तर फसते. तिचा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. मात्रा आणि वेलांट्या युनिकोडमध्ये वेगळ्या वर्गात, म्हणजे एमएन आणि एमसीमध्ये येतात, त्यामुळे तो तिथं शब्द तोडतो. 'माती'चे "म" आणि "त" होतात, 'मोती'चेही तेच. माती शोधली की मोती सापडतात. टेबल बनवतानाच टोकनायझरच्या कॅटेगरीज या पर्यायात एमएन आणि एमसी हे वर्ग जोडा. पायथनच्या साध्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'शब्दातलं अक्षर' ही खूण वापरलीत तर तीही नेमकी इथंच तोडते.

दुसरा अडथळा 'दुसऱ्या'सारख्या शब्दांचा. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्तावाला ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, इंडेक्समध्ये दोन वेगळे शब्द. आधी एनएफसी करा (म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर युनिकोडच्या नियमानं एकसारखं करणं), मग दुसऱ्या प्रकाराचं पहिल्यात रूपांतर करा आणि उरलेले झेडडब्ल्यूजे काढा. क्रम उलटा केला तर 'दुसर्या' असं भलतंच काही तयार होतं.

तिसरा, विभक्तीचा. एफटीएस५मधला पोर्टर स्टेमर, म्हणजे प्रत्यय कापणारा भाग, इंग्रजीसाठी आहे. मराठीसाठी लांब प्रत्यय आधी या क्रमानं "पासून", "साठी", "मध्ये", "च्या", "ला", "ने" असे काढणारा छोटा नियम लिहा, पण दोन अटी घाला. काढल्यावर किमान तीन चिन्हं उरली पाहिजेत आणि शेवटी हलंत उरता कामा नये, नाहीतर 'किल्ला'चा "किल्" होतो. काही शब्द तरीही चुकीचे कापले जातील. इंडेक्स करताना आणि शोधताना तोच नियम लावला, तर त्यानं फारसं बिघडत नाही.

अर्थावरून जुळवायचं असेल, म्हणजे इंग्रजी लेख वाचताना मराठी टिपण वर यावं असं हवं असेल, तर एम्बेडिंग जोडा, म्हणजे मजकुराच्या अर्थाची आकड्यांतली मांडणी (व्हेक्टर). मल्टिलिंग्वल-ई५-स्मॉल हे मॉडेल साध्या सीपीयूवर चालतं. मजकुराचे सुमारे २०० शब्दांचे तुकडे करा, शेजारच्या तुकड्यांत ३०-४० शब्द सामाईक ठेवा. मॉडेलची मर्यादा ५१२ टोकनची (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) आहे आणि त्यापुढचं वाचलंच जात नाही. साठवलेल्या तुकड्याआधी 'पॅसेज' आणि प्रश्नाआधी 'क्वेरी' हे उपसर्ग इंग्रजीत, कोलनसह लावायलाच हवेत. एक व्हेक्टर ३८४ आकड्यांचा, म्हणजे १,५३६ बाइट. एक लाख तुकड्यांना साधारण १५४ एमबी. एवढ्यासाठी वेगळा व्हेक्टर डेटाबेस लागत नाही, सरळ सगळ्यांशी गुणाकार करा.

प्रश्न कसा काढायचा

अख्खा दस्तऐवज प्रश्न म्हणून देऊ नका. कर्सरच्या आसपासचा परिच्छेद किंवा पडद्यावर दिसणारा भाग घ्या, त्यात विंडोचं टायटल मिळवा आणि त्यातले सगळ्यात दुर्मीळ ८ ते १२ शब्द निवडा. एखादा शब्द किती दस्तऐवजांत आहे हे एफटीएस५व्होकॅब या टेबलातून थेट मिळतं. दहातल्या एकापेक्षा जास्त दस्तऐवजांत असलेला शब्द गाळा, आणि फक्त एकाच दस्तऐवजात असलेलाही. तो बहुधा टायपिंगची चूक असतो, किंवा तुम्ही आत्ता लिहिताय त्याच फाइलमधला.

इथं बहुतेकांची पहिली चाचणी रिकामी जाते, कारण एफटीएस५ नुसत्या स्पेसचा अर्थ 'आणि' असा लावतं. बारा शब्द एकत्र असलेलं पान कुठून सापडणार? मध्ये 'ऑर' घाला. प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणात ठेवा, नाहीतर हायफन किंवा कोलन आला की एरर येते. निकालांना क्रम देणाऱ्या बीएम२५ या सूत्राचा गुण इथं ऋण येतो, म्हणजे लहान आकडा चांगला. उलटा क्रम लावला तर सगळ्यात असंबद्ध पान वर दिसतं. टायटलच्या स्तंभाला मजकुराच्या पाचपट वजन ही चांगली सुरुवात आहे.

शब्दांची आणि एम्बेडिंगची, अशा दोन याद्या एकत्र करताना गुणांची बेरीज करू नका, त्यांची मापं वेगळी आहेत. प्रत्येक यादीतल्या क्रमांकात ६० मिळवून एकाला त्यानं भागा आणि ते दोन अपूर्णांक जोडा.

कधी दाखवायचं

टाइप करताना ४ सेकंदांचा खंड पडला किंवा एकच विंडो २० सेकंद समोर राहिली, तरच शोध घ्या. दोन शोधांत किमान ३० सेकंद जाऊ द्या. जास्तीत जास्त तीन निकाल दाखवा, प्रत्येकात टायटल, जुळलेलं एक वाक्य आणि शेवटचं केव्हा पाहिलं ती तारीख. पॉपअप नको. पडद्याच्या कडेला स्थिर पट्टी ठेवा, जिच्याकडे दुर्लक्ष करता येईल.

आत्ता उघडं असलेलं, गेल्या दोन तासांत पाहिलेलं आणि हॅश जुळणारं सगळं गाळा. शोधयंत्रं अलीकडच्या गोष्टींना झुकतं माप देतात. इथं त्याच्या उलट करा. कालचं आठवत असतंच. सहा महिन्यांपूर्वी दहा मिनिटं वाचलेलं पान वर आलं, तर खरा उपयोग.

किती जुळलं म्हणजे दाखवण्याजोगं, याचा आकडा कुठून उचलू नका. ई५ कुटुंबात अगदी असंबद्ध मजकुरांचा कोसाइनही (दोन व्हेक्टर किती सारखे याचं माप) ०.७च्या वर जातो, त्यामुळे '०.७ म्हणजे चांगलं' हा नियम इथं सगळंच पास करतो. स्वतःच्या कामातले तीसेक प्रसंग घ्या, प्रत्येकाचे पहिले दहा निकाल कामाचे की बिनकामाचे अशी खूण करा आणि बिनकामाचे बहुतेक ज्याखाली राहतात तो आकडा धरा. शंका असेल तर उंबरठा वर ठेवा. रिकाम्या पट्टीनं कुणी वैतागत नाही. तीन चुकीच्या सूचना लागोपाठ आल्या की माणूस पट्टीकडे पाहणंच सोडतो.

सूचनांची पट्टी स्वतःच नोंदवली जात नाही ना, हे आधी तपासा. जात असेल तर तिच्यातली टायटल पुढच्या प्रश्नात शिरतात आणि तीच तीन पानं दिवसभर फिरत राहतात. पट्टीतून उघडलेल्या पानांवर वेगळी खूण ठेवा आणि त्यांचा वेळ 'आपणहून वाचलेलं' यात मोजू नका.

काहीच येईनासं झालं तर

आधी डॅशबोर्डवर प्रत्येक वॉचरची शेवटची नोंद कधीची आहे ते पाहा. विंडोची नोंद ताजी आणि ब्राउझरची जुनी असेल, तर एक्स्टेन्शन अपडेटनंतर बंद पडलंय. टायटल अचानक रिकामी येत असतील, तर मॅकवर परवानगी काढून पुन्हा द्या. सिस्टम अपडेटनंतर ती चालू दिसते पण लागू नसते, असं होतं. नोंदी ताज्या असूनही निकाल शून्य असतील, तर तयार झालेला प्रश्न छापून बघा: शब्दच निघत नसतील तर दुर्मीळतेची गाळणी फार कडक आहे, आणि सुटी अक्षरं दिसत असतील तर टोकनायझरचे वर्ग राहून गेलेत. ते टेबल बनवल्यावर बदलता येत नाहीत, इंडेक्स टाकून नव्यानं बांधावा लागतो. मूळ मजकूर वेगळ्या टेबलात ठेवला असेल तर त्यात काही गमावत नाही.