घरात गाणं अडकतंय? आधी राउटर हलवा

आमच्या इंदूरच्या जुन्या घराच्या भिंती हातभर जाड, वायफायचा राउटर पुढच्या खोलीत टीव्हीमागे, आणि सकाळी पोहे करता करता वायफाय स्पीकरवर गायक अमीर खाँसाहेब लावले की गाणं अडकलंय का विलंबितच (संथ लयीतलं) आहे तेच कळायचं नाही. तर आधी राउटर उंचावर, मोकळ्यात ठेवा, बराच फरक पडतो. मग सेटिंगमधे बघा, वायफायचे ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ असे दोन बँड असतात, ५ फास्ट असतं पण जाड भिंतीपलीकडे ढेपाळतं, म्हणून लांबच्या स्पीकरला २.४ द्या, गाण्याला असं लागतं किती, ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट) म्हणजे डोक्यावरून पाणी. शेजारीपाजारी वायफायची गर्दी असेल तर २.४ वर चॅनल (त्या बँडमधल्या वाटा) १, ६ किंवा ११ पैकी रिकामं ते घ्या. मायक्रोवेव्हपासून लांबच बरं. तरी नाही जमलं तर एक्स्टेंडर (सिग्नल पुढे पोचवणारा डबा) लावा, पण मधल्या खोलीत, जिथे सिग्नल अजून बरा येतो तिथे.