हरणांसाठी स्विचग्रास लावताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये थोडीफार जमीन घेऊन हरणांना आडोसा म्हणून स्विचग्रास हे उंच गवत लावणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाचा तरी जुलैत हमखास फोन येतो. "अहो, बियाणं वाया गेलं. नुसतं तण माजलंय. ट्रॅक्टर घालून सगळं उलथून टाकू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी शेतात जा, खाली बसा आणि तण हाताने बाजूला सारून बघा.

पहिल्या वर्षी मीही नांगर जोडायलाच निघालो होतो. शेतात कमरेएवढं फॉक्सटेल, म्हणजे आपल्या राळ्याचा रानटी भाऊ. पण वाकून पाहिलं तर त्याच्या सावलीत बोटभर उंचीची, काडीसारखी रोपं उभी होती. एक अलगद उपटलं, तर मुळाशी बियाण्याचं तुळतुळीत टरफल अजून चिकटलेलं. स्विचग्रास पॅनिकम कुळातलं, आपल्या वरीचं भावंड. दाणाही तसाच गुळगुळीत. पान खोडाला जिथे बिलगतं तिथे आतल्या अंगाला पांढऱ्या केसांचा दाट पुंजका असतो. चौरस फुटाला अशी एक-दोन रोपं दिसली तरी तुमचं शेत लागलंय असं समजा.

हे गवत पहिलं वर्ष मुळं खाली सोडण्यात घालवतं. पहिल्या वर्षी झोपतं, दुसऱ्या वर्षी रांगतं, तिसऱ्या वर्षी झेप घेतं, असं इथले शेतकरी म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे. म्हणून माझ्या मते सगळ्यात महाग चूक एकच : पहिल्या उन्हाळ्यात धीर सोडणं. तण फूट-दीड फुटांवर गेलं की मॉवर सहा ते आठ इंचांवर ठेवून फिरवा. तणाचा शेंडा जाईल, खालच्या रोपाला ऊन मिळेल. ऑगस्टनंतर मात्र कापू नका.

दुसरी चूक दयेपोटी होते. रोप बारीक दिसतं म्हणून लोक युरिया टाकतात. पहिल्या वर्षी तो सगळा फॉक्सटेलच्या पोटात जातो. नत्र अजिबात देऊ नका.

खरं तर तणाची लढाई आदल्या शरद ऋतूतच जिंकावी लागते. ब्रोम, फेस्क्यू, क्वॅकग्रास ही थंडीतली गवतं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हिरवीगार असताना ग्लायफोसेट हे तणनाशक मारा. वसंतात ती पुन्हा डोकं वर काढतील. तेव्हा स्विचग्रास उगवण्याआधी दुसरा हात द्या. माती साठ फॅरनहाइटच्या आसपास तापेपर्यंत ते उगवत नाही, त्यामुळे ही संधी मिळतेच. अ‍ॅट्राझिन हे तणनाशकही परिणामकारक आहे, पण अमेरिकेत ते विकत घ्यायला आणि मारायला परवाना लागतो. तो असलेल्या माणसाकडून मारून घ्या. आणि शेजाऱ्याने बिग ब्लूस्टेम या दुसऱ्या गवतासाठी आणलेलं इमॅझापिक हे तणनाशक उरलंय म्हणून आपल्या शेतात मारू नका. ब्लूस्टेम ते सोसतं, स्विचग्रास सोसत नाही.

आता बियाण्याच्या पिशवीवरच्या लेबलाकडे वळू, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. समजा पिशवी दहा पौंडांची आहे. शुद्धता 95 टक्के, उगवण 40 टक्के आणि सुप्त बी 50 टक्के. जिवंत बी मोजताना उगवण आणि सुप्त दोन्ही धरतात, म्हणून हिशेब साडेआठ पौंडांचा येतो. पण सुप्त दाण्याला ओल्या थंडीत काही आठवडे काढल्याशिवाय जाग येत नाही. तीच पिशवी मे महिन्यात पेरलीत, तर त्या वर्षी जेमतेम पावणेचार पौंडच उगवेल. मग वाटतं, दुकानदाराने जुनं बी गळ्यात मारलं. माझं बी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत जमिनीवर पडतं. रात्री गोठणं, दिवसा वितळणं यात माती फुगते, भेगाळते आणि दाणा आपोआप आत जातो. त्यासाठी जमीन उघडी हवी. सोयाबीन काढलेलं रान यासाठी उत्तम, कारण त्यावर काडीकचरा फारसा उरत नाही. एकरी सहा ते आठ पौंड जिवंत बी पुरे. जास्त टाकलंत तर गवत इतकं दाटेल की पाडसाला आणि फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याला आत शिरता येणार नाही.

वसंतातच पेरायचं असेल तर खोलीकडे लक्ष द्या. पाव इंच, फार तर अर्धा. नांगरून भुसभुशीत केलेल्या रानात हा दाणा बुडतो आणि वर येत नाही. आधी रोलर फिरवा. चालताना बुटाची टाच अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतली तर जमीन अजून तयार नाही.

वाण निवडताना उंचीच्या आकड्याला भुलू नका. अलामो टेक्ससचं, कॅनलो ओक्लाहोमाचं. दोन्ही उंच वाढतात, पण आमच्याकडच्या थंडीत अलामोचा भरवसा नाही, आणि कॅनलोही जपूनच घ्यावं. केव्ह-इन-रॉक हे दक्षिण इलिनॉयमधून आलेलं वाण 1973 साली प्रसारित झालं. ते पाच-सहा फूट वाढतं आणि बर्फाखाली बऱ्यापैकी तग धरतं. जानेवारीत उभं राहणारं गवतच हरणाच्या कामाचं. आडवं झालं की आडोसा गेला.

इथे एक गैरसमज दूर करतो. पांढऱ्या शेपटीचं हरीण हे गवत खायला येत नाही, बसायला येतं. म्हणून चौकोनी, भिंतीसारखं सलग रान करू नका. कडा वेड्यावाकड्या ठेवा, मध्ये डॉगवुडची झुडपं सोडा आणि खाण्याची सोय जवळच असू द्या. झाडांच्या सावलीतही लावू नका. दिवसभर ऊन नसेल तर ते विरळ राहतं. शेजारी कुणाचे घोडे किंवा शेळ्यामेंढ्या असतील तर कुंपणापासून लांब लावा. या गवतातली सॅपोनिन त्यांना बाधतात. घराला खेटूनही नको, कारण वाळलेलं गवत भडकन पेटतं.

रस्त्याच्या कडेला आडोसा म्हणून लावणारे हमखास पाच फुटांची पट्टी करतात. पानगळीनंतर तिच्यातून आरपार दिसतं. पंधरा-वीस फूट रुंदी धरा. शिवाय पहिल्या वर्षी स्विचग्रास काहीच झाकणार नाही, म्हणून पट्टीला लागून ज्वारीच्या जातीचं सॉर्घम-सुदान किंवा इजिप्शियन व्हीट पेरा. लागून म्हणजे शेजारी. स्विचग्रासच्या वर मिसळून पेरलंत तर त्याच्या सावलीत रोपं मरतील. सॉर्घम मात्र माती तापल्यावर, मेच्या अखेरीस टाका. म्हणजे 15 नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम उघडेल तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्याला तुमच्या रानात काय चाललंय ते दिसणार नाही.