ईएमटीच्या कोर्सला अर्ज करताय? आधी या चुका टाळा

ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, रुग्णवाहिकेत किंवा रुग्णालयात तातडीचे उपचार करणारा तंत्रज्ञ. बारावीचा निकाल लागला की दरवर्षी तोच फोन येतो. "सर, १०८ मध्ये लागायचंय, कुठला कोर्स करू?" अर्जातल्या चुकांची सुरुवात या प्रश्नापासूनच होते, म्हणून कागदपत्रांकडे नंतर येऊ.

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हा गाड्या होत्या ९३७. त्यातल्या २३३ एएलएस, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ बीएलएस, म्हणजे प्राथमिक जीवरक्षक साधनं असलेल्या. दोन्ही प्रकारच्या गाड्यांत रुग्णाशेजारी डॉक्टर बसेल, अशीच आखणी होती. हे डॉक्टर बहुतेक बीएएमएस, बीएचएमएस किंवा बीयूएमएस, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीची पदवी घेतलेले. स्टेअरिंगवर बसतो तो पायलट. मग बारावीनंतर ईएमटी झालेल्या मुलाची जागा कुठे? गोव्यात किंवा गुजरातेत १०८ च्या गाडीत मागे ईएमटीच असतो, त्यामुळे बातम्या आणि व्हिडिओ पाहून आपल्याकडेही तसंच असणार असं मुलं गृहीत धरतात. मी कुणालाही या क्षेत्रातून परत पाठवत नाही. आपल्याकडेही खासगी कार्डियाक अँब्युलन्स आहेत, मोठ्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टी आहेत, कारखान्यांतले आरोग्य कक्ष आहेत, मॅरेथॉन आणि क्रिकेट सामन्यांना लागणारी वैद्यकीय पथकं आहेत. पण डोक्यात १०८ ठेवून अर्ज केलात आणि दोन वर्षांनी हे कळलं, तर राग कोर्सवर निघतो. सिंधुदुर्गातल्या मुलांना तर गोवा जवळच, सिंधुदुर्गातले पेशंट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातातच. त्यांनी गोव्यातल्या भरतीची जाहिरात काय पात्रता मागते ते आधी वाचावं आणि मग कोर्स निवडावा. अर्ज भरण्याआधी तुम्हाला हव्या असलेल्या नोकरीच्या निदान तीन जाहिराती वाचा. त्यात पदवी मागितलीय, पदविका मागितलीय की नुसतं प्रमाणपत्र चालतंय, ते वहीत लिहून काढा. ती वही पुढे उपयोगी पडणार आहे.

'ईएमटी' हे नाव वाचून फी भरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बोर्डावर तीच तीन अक्षरं असतात, पण त्यामागे चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. दोन दिवसांचं प्रथमोपचार शिबिर, काही महिन्यांचा कौशल्य विकासाचा कोर्स, एक-दोन वर्षांची पदविका आणि तीन-चार वर्षांची पदवी. कौशल्य विकासाच्या चौकटीतही ईएमटी बेसिक आणि ईएमटी अॅडव्हान्स्ड अशा दोन पायऱ्या आहेत, आणि बेसिक करून अॅडव्हान्स्डच्या जागेला अर्ज करणारे दर भरतीत भेटतात.

२०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे पॅरामेडिक हे पद नावानिशी आहे. या कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला पदविका किंवा पदवी लागते, आणि तिचा अभ्यासक्रम किमान २,००० तासांचा, दोन ते चार वर्षांत विभागलेला हवा. आता साधा हिशोब करा. रोज आठ तास धरले तरी २,००० तासांना २५० दिवस लागतात. सहा महिन्यांत रविवार धरूनही १८० च्या आसपास दिवस असतात. तेव्हा 'सहा महिन्यांत सरकारमान्य पॅरामेडिक' असं पत्रक हातात आलं, तर समुपदेशकाला हा गुणाकार करून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

छोटा कोर्स वाईटच असतो असं नाही. घरची अडचण आहे, लगेच हाताला काम हवंय, तर तो चालेल. पण त्याला पदविकेची जागा देऊ नका. कोर्स चालवणारा कोण, परीक्षा घेणारा कोण आणि प्रमाणपत्रावर सही कोणाची, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. पुष्कळदा तिन्हींची उत्तरं वेगळी निघतात. सही विद्यापीठाची असेल तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत या महाविद्यालयाचं नाव आणि हाच कोर्स, दोन्ही सापडायला हवेत. महाविद्यालय यादीत असतं, पण नेमका तुमचा कोर्स नसतो, हा प्रकार मी पाहिलाय.

शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर आणखी एक कसोटी आहे. फी भरण्याआधी महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर जा आणि महाविद्यालय व कोर्स निवडण्याच्या यादीत दोन्ही नावं दिसतात का पाहा. नसतील तर 'पुढच्या वर्षी येईल' या आश्वासनावर बापाची एफडी मोडू नका.

फी भरून बसलात आणि नंतर शंका आली, तर आधी पावत्या गोळा करा. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव, कोर्सचं नाव आणि शैक्षणिक वर्ष आहे का पाहा. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला पडताळणीला दाखवायचा, छायाप्रती द्यायच्या. मूळ कागद संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच सांगितलंय आणि प्रवेश रद्द केल्यावर फी परत करण्याचे टप्पेही ठरवून दिलेत. हे नियम विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांना लागू होतात. गाळ्यात चालणाऱ्या खासगी क्लासला त्यांचा धाक नाही, म्हणून तिथे मूळ कागद हातचा सोडूच नका.

प्रत्यक्ष सराव कुठे, हे न विचारणं

ईएमटीचं काम पुस्तकात मावत नाही. पुतळ्यावर छाती दाबायला आठवड्यात जमतं: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. पण तेच चाळीच्या जिन्यात, वर सोळा माणसं ओरडत असताना करायचं असतं. म्हणून कोर्सचा सराव कोणत्या रुग्णालयात, कॅज्युअल्टीत किती तास, प्रसूतिगृहात किती आणि प्रत्यक्ष रुग्णवाहिकेत किती, हे अर्जाआधी विचारा. 'आमचं टायअप आहे' हे उत्तर नव्हे. रुग्णालयाचं नाव सांगा म्हणावं, आणि मग तिथे जाऊन कॅज्युअल्टीच्या सिस्टरना विचारा की अमक्या कॉलेजची मुलं इथे येतात का. सिस्टर खरं सांगतात. रुग्णवाहिकेचे तास शून्य असतील तर तो कोर्स फार तर कॅज्युअल्टी मदतनिसाचा आहे, मग नाव काहीही असो.

पात्रतेची ओळ अर्धवट वाचणं

'बारावी विज्ञान' एवढं वाचून फॉर्म भरला जातो आणि पुढचं 'जीवशास्त्रासह' राहून जातं. गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेली मुलं इथे अडकतात. काही कोर्सना कला-वाणिज्यही चालतं, काहींना अजिबात नाही. वयाची अटही वाचा. आणि एक गैरसमज कायमचा मिटवून टाका: ईएमटी गाडी चालवत नाही. लायसन्स असलं तर चांगलंच, पण 'मला ड्रायव्हिंग येतं' हे मुलाखतीत पहिलं वाक्य म्हणून सांगू नका.

कागदपत्रं: चूक छोटी, नुकसान वर्षाचं

महाराष्ट्रात हा घोळ नावापासून सुरू होतो. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. क्रम वेगळा असेल तर बहुधा निभावतं. स्पेलिंग वेगळं असेल तर नाही. अर्जात नाव नेहमी दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या, उलट करू नका, कारण आधार दुरुस्त करणं बोर्डाची गुणपत्रिका दुरुस्त करण्याच्या मानाने सोपं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह प्रमाणपत्र जोडावं, आणि मागणी झाली तर राजपत्रातली नोंदही. ती नोंद एका दिवसात होत नाही.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी फक्त दाखला घेऊन येतं. वैधतेसाठी पडताळणी समितीकडे अर्ज करावा लागतो, आणि बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयातून तो केला तर वेळेवर हाती येतो. अजून आला नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पावती सांभाळा. प्रवेशाच्या नियमांत पावतीवर मुदत मिळत असेल तर तीच उपयोगी पडते. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती वगैरेंना नॉन-क्रिमीलेयरही लागतं आणि त्याची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते. मार्चमध्ये मुदत संपलेलं, जपून ठेवलेलं प्रमाणपत्र जुलैत कामाचं नसतं. तहसीलला जूनमध्ये जी रांग लागते ती पाहिलीत तर एप्रिलमध्येच जाल.

नीटसाठी एक-दोन वर्षं घरी बसलेल्यांनी गॅपचं प्रतिज्ञापत्र लगेच करून ठेवावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आमच्या वर्गातली निम्मी मुलं त्याच रस्त्याने येतात. पण गॅप लपवून तारखा जुळवायला गेलात तर ते पहिल्याच तपासणीत उघडं पडतं.

लसीचं गणित मागाहून आठवणं

हिपॅटायटिस बी. रक्ताशी काम आहे, सुई टोचण्याची शक्यता रोजची, त्यामुळे क्लिनिकल पोस्टिंगआधी, म्हणजे रुग्णालयातल्या सरावाआधी, ही लस विचारली जाते. तिचे तीन डोस असतात: आज, महिन्याने आणि पहिल्यापासून सहाव्या महिन्यात. ऑगस्टमध्ये प्रवेश घेऊन तेव्हा पहिला डोस घेतला तर तिसरा फेब्रुवारीत. 'दोन एकदम द्या ना डॉक्टर' असं म्हणून चालत नाही. अर्ज करायचं ठरलं त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या आणि कार्डावर तारीख, सही, शिक्का नीट घेऊन ठेवा. लहानपणी घेतली असेल आणि कार्ड हरवलं असेल तर रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण तपासता येतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

तंदुरुस्तीचा दाखला घेताना पाठदुखी, दमा किंवा रंगांधळेपण लपवू नका. सत्तर किलोचा पेशंट तिसऱ्या मजल्यावरून खाली आणताना पाठ खोटं बोलत नाही. आणि मोठ्या अपघातात जखमींना लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या खुणा लावतात; लाल आणि हिरव्यात गल्लत झाली तर भलताच माणूस आधी रुग्णालयात पोचेल.

मुलाखतीत पाणी पाजणं

हा माझा आवडता भाग. बहुतेक ठिकाणी छोटी मुलाखत असते. "या क्षेत्रात का यायचंय?" यावर दहापैकी नऊ जण म्हणतात, "लोकांची सेवा करायची आहे." समोरचा मान हलवतो आणि पुढे जातो. त्यापेक्षा आजोबांना रात्री दोनला तालुक्याला नेताना गाडीत ऑक्सिजन कसा संपला, ते सांगा. खरं घडलं असेल तरच.

मग प्रसंग येतो: "रस्त्यावर बाइकवाला पडलाय, शुद्ध नाही, डोक्यात हेल्मेट आहे. पहिलं काय कराल?" उत्तरं येतात: हेल्मेट काढू, उठवून बसवू, कांदा हुंगवू आणि सगळ्यात जास्त वेळा, पाणी पाजू. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुलाखत घेणाऱ्यांना हवं असतं ते उत्तर साधं आहे. आधी जागा सुरक्षित आहे का बघेन, मागून ट्रक येतोय का, पेट्रोल सांडलंय का. मग तो प्रतिसाद देतो का, श्वास चालू आहे का ते पाहीन आणि मदत बोलावेन. मान न हलवता. एवढं सांगितलंत तरी तुम्ही रांगेत पुढे जाता.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीचा धसका असतो. औषधांची नावं आणि रुग्णाचा फॉर्म इंग्रजीत असतो हे खरं, तेवढं शिकावंच लागतं. पण म्हातारी म्हणते "छातीत कळ येतीया, हात भरून आलाय". कुणी म्हणतं "धाप लागलीय", कुणी "भोवळ आली", कुणी "जीव घाबरा होतोय". या चार वाक्यांत चार निरनिराळे आजार दडलेले असू शकतात. ते ऐकून डॉक्टरला दोन वाक्यांत सांगणं हेच या कामाचं निम्मं कसब. गावाकडची बोली येत असेल तर मुलाखतीत ती लपवू नका.

एक छोटी गोष्ट राहिली: अर्जाला वजन यावं म्हणून बीएलएसचं, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाच्या छोट्या कोर्सचं, कार्ड आधीच काढून ठेवणारे असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं. दोन वर्षांचा कोर्स करणार असाल तर नोकरी मागायला जाल तेव्हा ते संपलेलं असेल. प्रवेशाला सक्तीचं नसेल तर शेवटच्या सत्रात करा.

परदेशाचं स्वप्न अर्जातच मांडणं

आखाती देशांत पॅरामेडिक म्हणून जायचं तर कागदपत्रांची थेट मूळ संस्थेकडून पडताळणी होते. विद्यापीठाने उत्तर दिलं तर काम पुढे सरकतं. बंद पडलेल्या क्लासकडून उत्तर कोण देणार? अमेरिकेत तर तिथला मान्य कोर्स करून राष्ट्रीय नोंदणीची परीक्षा द्यावी लागते, इथलं प्रमाणपत्र तसंच्या तसं चालत नाही. 'कोर्सनंतर दुबईत नोकरी' लिहिलेलं पत्रक दिसलं तर सुरुवातीची ती वही पुन्हा उघडा.

सायबर कॅफेवाल्याचा नंबर

शेवटी सगळं बरोबर भरतात आणि मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा देतात, 'ओटीपी पटकन येतो' म्हणून. ईमेलही त्याचाच. मग गुणवत्ता यादी लागते, कागद तपासणीची तारीख त्याच्या फोनवर येते, आणि त्याच्याकडे तुमच्यासारखे दोनशे असतात. जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाते. असं झालं असेल तर अर्ज क्रमांक, आधार आणि अर्जाची प्रिंट घेऊन महाविद्यालयाच्या प्रवेश कक्षात स्वतः जा आणि नंबर बदलून मिळावा म्हणून लेखी अर्ज द्या. त्याच्या प्रतीवर पोच घ्या. आणि हे यादी लागायच्या आधी करा.