बास्केटबॉलचा बूट जड की हलका: उडीवर फरक पडतो का, हे नीट कसं तपासायचं

"हलका बूट घे, उडी वाढेल." बास्केटबॉल खेळणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं, आणि सांगणाऱ्याने बहुतेक वेळा काहीच मोजलेलं नसतं. ज्यांनी मोजलेलं असतं, त्यांची पद्धत साधारण अशी असते: जुना जड बूट घालून पाच उड्या, मग नवा हलका बूट घालून पाच उड्या, आणि निकाल जाहीर. ही चाचणी फुकट आहे. दोन वेगळ्या बुटांत वजनाखेरीज सोल, ग्रिप, गादी, माप, टाचेची उंची सगळंच वेगळं असतं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कोणता बूट हलका आहे हे उडी मारणाऱ्याला ठाऊक असतं.

हे ठाऊक असणं किती महागात पडतं, ते कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसतं. त्यांनी बुटाची तीन वजनं घेतली: ३५२, ५१० आणि ६३७ ग्रॅम. ज्या खेळाडूंना वजनातला फरक माहीत होता, ते सगळ्यात हलक्या बुटात सगळ्यात जड बुटापेक्षा सुमारे २ टक्के उंच उडाले आणि बाजूला सरकून दिशा बदलण्यातही साधारण तितक्याच टक्क्यांनी जास्त चपळ ठरले. ज्यांना वजनाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं, त्यांच्यात फरकच पडला नाही. ५० सेंमी उडीचे २ टक्के म्हणजे १ सेंमी. तो १ सेंमी बुटातून आला की डोक्यातून, हे वेगळं काढता आलं तरच तुमची चाचणी खरी.

मी ही चाचणी माझ्या संघातल्या मुलांवर बऱ्याचदा घेतली आहे. रीत खालीलप्रमाणे.

बूट एकच

चांगल्या ग्रिपची, पायाला बसलेली, रोजच्या वापरातली एकच जोडी घ्या आणि वजन वरून वाढवा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन्ही बूट वेगवेगळे तोला. प्रत्येक बुटाला १५० ग्रॅम वाढ पुरे.

मोजणी

उडी मोबाइलच्या स्लो मोशनने मोजा. पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजून हवेतला वेळ सेकंदांत काढा, त्याचा वर्ग करा, ९.८१ ने गुणा आणि ८ ने भागा. उत्तर मीटरमध्ये येतं. ०.६ सेकंद म्हणजे साधारण ४४ सेंमी. सेकंदाला २४० फ्रेम असतील तर एका फ्रेमच्या चुकीने सुमारे ६ मिमी इकडेतिकडे होतात. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत तीच चूक ५ सेंमीच्या आसपास जाते, त्यामुळे तो वापरूच नका. उतरताना गुडघे पोटाशी घेणाऱ्याची उडी बाद करा, कारण त्याचा हवेतला वेळ खोटा वाढतो.

सरकण्यासाठी ५ मीटरवर दोन रेषा आखा, बाजूने चार फेऱ्या, वेळ व्हिडिओवरूनच काढा.

वजन लपवणं: इथे सगळे फसतात, मीही फसलो

इथे घाई केली तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

पहिल्यांदा मी लोखंडी वॉशर दोऱ्यात ओवून लेसवर बांधले आणि वरून मोजा चढवला. पहिल्याच उडीला ते खणखणले. खेळाडूने खाली पाहिलं आणि चाचणी तिथेच संपली. पुढच्या खेपेला वॉशर कापसात घट्ट गुंडाळले. आवाज गेला, पण मोजा सोलखालून गेल्यामुळे ग्रिप गेली आणि पोरगा सरकताना घसरला. सुदैवाने लागलं नाही. तेव्हापासून मी एक नियम कधीच मोडला नाही: सोल आणि जमीन यांच्यामध्ये काहीही येता कामा नये. मोज्याचा तळ कापून टाका. राहिलेली नळी बुटाच्या वरच्या भागावर बसवा आणि कडा टेपने नीट चिकटवा.

आता जे करतो ते असं. कापडाच्या सारख्या दिसणाऱ्या चार छोट्या पिशव्या शिवून घ्यायच्या. दोनांत कापसात दाबलेले १५० ग्रॅम वॉशर, दोनांत नुसता कापूस, पण तितकाच फुगीर. प्रत्येक फेरीला, म्हणजे उड्यांच्या प्रत्येक संचाला, दोन्ही बुटांवर पिशवी बांधायचीच, कधी वॉशरची, कधी नुसत्या कापसाची. "बिनपिशवीची फेरी" ठेवलीत तर पिशवी दिसली की जड, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पिशवी लेसच्या मधोमध, घोट्याच्या बाजूला बांधा. मी एकदा चवड्यावर बांधली होती. पाऊल पुढे झुकल्यासारखं वाटतं म्हणून प्रत्येक जण उडी मारायची पद्धतच बदलायला लागला, आणि मग वजन मोजलं जात होतं की बदललेली उडी, हे सांगता येईना.

पिशवी बांधणारा आणि उडी मोजणारा ही दोन वेगळी माणसं हवीत. मी सुरुवातीला दोन्ही कामं एकटा करत होतो. हलक्या फेरीला माझ्याच आवाजात "हां, आता मार!" असा जोर यायचा, हे मला व्हिडिओ ऐकताना कळलं. खेळाडूला मी एक शब्दही सांगितला नव्हता, तरी माझ्या आवाजाने सांगून टाकलं होतं. बांधणाऱ्याने बांधून बाजूला व्हावं, मोजणाऱ्याला कोणती फेरी चालू आहे ते माहीत नसावं. व्हिडिओवर फेरीचा नुसता क्रमांक, आणि क्रमांकाची किल्ली बांधणाऱ्याच्या वहीत. फ्रेम मोजून झाल्याशिवाय वही उघडायची नाही.

खेळाडूला काय सांगायचं? "उड्यांमध्ये किती सातत्य आहे ते बघतोय", एवढंच. हे खरंही आहे, कारण पुढे ते सातत्य लागणारच आहे. वजनाचा विषय काढू नका, आणि सगळं संपल्यावर मात्र पूर्ण सांगून टाका. पिशव्या बांधताना त्याने समोर बघावं, खाली नाही. दोन फेऱ्यांमध्ये बूट काढून दहा मिनिटं बसवा. पाठोपाठ बदललं तर पायाला वजनातला फरक ओळखू येऊ शकतो. मध्ये वेळ गेला की तुलना पुसट होते.

क्रम नाणं उडवून ठरवा. नेहमी एकच क्रम ठेवला तर दुसऱ्या फेरीत शरीर तापलेलं किंवा दमलेलं असतं, आणि तो फरक वजनाचा वाटतो.

शेवटी प्रत्येकाला विचारा: "काही वेगळं जाणवलं का? कोणत्या फेरीत?" बहुतेकांनी जड फेऱ्या अचूक ओळखल्या तर लपवणं फसलं. ते आकडे ठेवू नका, कितीही मनासारखे असले तरी. मी एकदा दोन संध्याकाळींची मेहनत अशी फेकून दिली आहे आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

स्वतःवर ही चाचणी घेता येत नाही. वजन बदलणार आहे हे माहीत असलेला माणूस पहिल्या पावलापासून त्याचाच शोध घेत राहतो. तुम्हाला स्वतःचं उत्तर हवं असेल, तर ज्याला हे सगळं समजलं आहे अशा सहकाऱ्याला चाचणी घ्यायला सांगा, आणि ती केव्हा घेणार हे त्याने तुम्हाला कळू देऊ नये.

आकडे वाचणं

दर फेरीला पाच उड्या, मध्ये एकेक मिनिट विश्रांती, आणि असे तीन वेगवेगळे दिवस. आधी एकाच खेळाडूच्या एकाच फेरीतल्या उड्या बघा. त्या आपापसातच २-३ सेंमीने हलत असतील आणि जड-हलक्याच्या सरासरीत ४ मिमीचा फरक असेल, तर फरक सापडला असं म्हणायचं नाही. तीनही दिवस फरक एकाच बाजूला झुकला तर पुढे तपासायला हरकत नाही. माझ्या चाचण्यांत तो कधी इकडे झुकला, कधी तिकडे.

कॅलगरीच्या अभ्यासात हलक्या आणि जड बुटात २८५ ग्रॅमचा फरक होता, जोडीला ५७० ग्रॅम. ८० किलोच्या खेळाडूच्या वजनाचा तो जेमतेम ०.७ टक्का आहे.

मग चौथ्या दिवशी तीच चाचणी उघड घ्या. पिशवी हातात द्या, वजन सांगा, आणि उडी मारायला लावा. ज्या मुलांचे आकडे तीन दिवस जागचे हलले नव्हते, त्यांचे आकडे त्या दिवशी हललेले मी पाहिले आहेत.

इथे धावण्याचा दाखला देणारे भेटतात. लांब पल्ल्याच्या धावण्यात प्रत्येक बुटावर १०० ग्रॅम वाढले की ऑक्सिजनचा खर्च साधारण १ टक्क्याने वाढतो, हे खरं आहे. पण तिथे पाय हजारो वेळा पुढे फेकला जातो आणि तो खर्च साठत जातो. एका उडीचा हिशेब त्यावरून काढू नका. चौथ्या क्वार्टरमध्ये पाय जड होतात का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळी चाचणी लागते.

बूट निवडताना

ग्रिप आणि माप आधी. सरकण्याच्या चाचणीत धुळीने माखलेला सोल आणि ओल्या फडक्याने पुसलेला सोल यांतला फरक पहिल्याच फेरीत दिसतो, त्याला स्लो मोशनही लागत नाही. टाच बुटात उचलली जात असेल तर तो बूट पिसासारखा हलका असला तरी परत करा. घोट्याच्या भीतीने उंच आणि जड बूट घेणाऱ्यांसाठी एक माहिती: १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळणाऱ्या ६२२ जणांवर उंच आणि बुटक्या गळ्याचे बूट पडताळले गेले, आणि घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात ठळक फरक सापडला नाही.

एवढं जमल्यावर दोन जोड्या उरल्या, तर ज्या हातात हलक्या वाटतात त्या खुशाल घ्या. आणि तुम्ही प्रशिक्षक असाल, तर सामन्याआधी कोणाचा बूट हातात घेऊन "अरे, केवढा जड आहे हा!" असं म्हणू नका. त्या मुलाने तो बूट घालून सगळा हंगाम सराव केलेला असतो, आणि तोपर्यंत त्याला तो जड वाटलेला नसतो.