संशोधन रुग्णालयात नियमपालनाची जबाबदारी घेताना : नाशिकच्या वरिष्ठ डॉक्टरांसाठी

रुग्णालयातल्या क्लिनिकल ट्रायलच्या (माणसांवरच्या औषधचाचण्यांच्या) नियमपालनावर देखरेख ठेवण्याचं काम ज्येष्ठ डॉक्टरकडे येतं, ते सहसा आधीच्या पदाला चिकटून. ओपीडी चालूच असते, वर हेही बघायचं. हो म्हणण्याआधी नेमणुकीचं पत्र नीट वाचा. कोणत्याही ट्रायलमधली रुग्णभरती कोणालाही न विचारता थांबवण्याचा अधिकार त्यात लिहिलेला हवा. अहवाल थेट संस्थाप्रमुखांकडे जायला हवा, संशोधन विभागाच्या प्रमुखाकडे नव्हे. आणि चालू ट्रायलमध्ये तुम्ही स्वतः पीआय (मुख्य संशोधक) नसावं. एथिक्स कमिटीचा (ट्रायलला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचा) सदस्य-सचिव संस्थेतलाच लागतो, म्हणून व्यवस्थापन दोन्ही कामं एकाच माणसाला देऊ पाहतं. नकार द्या; ज्या फाइलवर सचिव म्हणून सही केली, तीच तपासायची वेळ येईल. भरती थांबवण्याचा अधिकार नसेल तर हे पद म्हणजे फक्त सही करणारा हात.

पहिला आठवडा : कमिटीची कागदपत्रं

सगळं काम नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९ वर उभं आहे. त्यानुसार एथिक्स कमिटीची सीडीएससीओकडची (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडची) नोंदणी ५ वर्षं चालते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी करावा लागतो. ती तारीख आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. कमिटीत किमान ७ सदस्य, त्यांतले निदान निम्मे संस्थेबाहेरचे, आणि अध्यक्षही बाहेरचाच.

बैठकीला ५ जणांचा कोरम लागतो, पण नुसती डोकी मोजून चालत नाही : वैद्यकीय शास्त्रज्ञ (शक्यतो फार्माकॉलॉजीचा), क्लिनिशियन, कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ किंवा तत्सम सदस्य, आणि सामान्य नागरिक. सगळ्यात जास्त घोळ वकील सदस्यामुळे होतो. कोर्टाची तारीख लांबते, बैठक त्यांच्याशिवायच उरकते, आणि त्या दिवशी दिलेली प्रत्येक मंजुरी लंगडी ठरते. दोन कायदेतज्ज्ञ सदस्य करून ठेवणं हा स्वस्त उपाय. स्वतःच्या ट्रायलवर चर्चा असताना पीआय सदस्य बाहेर गेला, हे इतिवृत्तात आलंच पाहिजे. बाहेर गेले पण लिहिलं नाही, म्हणजे गेलेच नाहीत.

स्वतःची कमिटी नसलेल्या केंद्राला त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली कमिटी चालते. म्हणजे नाशिकच्या रुग्णालयाला मुंबई-पुण्याची कमिटी घेता येत नाही, आणि मालेगावच्या केंद्राला नाशिकची. स्पॉन्सरचा (ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीचा) माणूस ‘आमची पुण्याची कमिटी आहे ना’ म्हणाला, तर नकाशा दाखवा.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध हा वेगळा रस्ता. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकातच असल्यामुळे असे प्रस्ताव ढिगाने येतात. औषधाची ट्रायल नसलेल्या जैववैद्यकीय संशोधनासाठी कमिटीची आरोग्य संशोधन विभागाकडे स्वतंत्र नोंदणी लागते. सीडीएससीओचं प्रमाणपत्र तिथे पुरत नाही.

पहिला रुग्ण घेण्याआधी

सीडीएससीओची परवानगी, कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयवरची (ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीतली) नोंदणी, या तिन्ही तारखा पहिल्या रुग्णाच्या संमतीच्या आधीच्या हव्यात. एका कागदावर संमतीच्या तारखेसकट चारही तारखा ओळीने लिहून फाइलच्या तोंडाशी लावा. शिवाय डेलिगेशन लॉग (कोणतं काम कोणाकडे सोपवलं त्याची नोंदवही) उघडा : ज्याने रक्त काढलं, ज्याने संमती घेतली, त्याचं नाव त्या तारखेला लॉगवर होतं का? डॉक्टरांची एमएमसी (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) नोंदणी चालू आहे का, तेही पाहा. पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं अनेकांच्या ध्यानातून जातं.

संमतीपत्र

मराठी संमतीपत्राच्या प्रत्येक आवृत्तीला कमिटीची मंजुरी लागते. चूक होते ती ट्रायलच्या को-ऑर्डिनेटरच्या खणात उरलेल्या जुन्या झेरॉक्समुळे. नवी आवृत्ती आली त्याच दिवशी कोऱ्या जुन्या प्रती मोजून, नोंद करून नष्ट करा. रुग्णाने सहीसोबत तारीख स्वतःच्या हाताने घालावी. भरलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत त्याला मिळाली, हे केसपेपरवर लिहावं. वेळ जुळवून बघा : लॅबच्या नळीवर ९.१० आणि संमती ९.४० ची असेल, तर ते उल्लंघन आहे, मग रुग्ण कितीही राजी असो.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातून येणाऱ्या आदिवासी रुग्णांच्या बाबतीत जास्त वेळ द्या. वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो, आणि वॉर्डातले मामा किंवा मावशी हे साक्षीदार नव्हेत. ट्रायलशी संबंध नसलेला, पूर्ण समजावणी होईपर्यंत बसून राहणारा माणूस हवा. घरी कोकणा आदिवासींची बोली किंवा भिली बोलणाऱ्याला छापील मराठीही परकीच. त्याच्याकडून ‘काय कळलं ते सांगा’ असं वदवून घ्या आणि ते लिहा. नवीन रासायनिक घटकाच्या किंवा नवीन रेणूच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातला रुग्ण असेल तर संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण सक्तीचं आहे; एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त ऑडिओ. चित्रण लगेच लावून बघा. आवाजच आला नाही, हे तीन महिन्यांनी कळून उपयोग नसतो.

एसएई (गंभीर प्रतिकूल घटना) : इथे घड्याळ चालतं

गंभीर प्रतिकूल घटना घडल्यापासून २४ तासांत पीआयने सीडीएससीओ, स्पॉन्सर आणि कमिटी या तिघांना कळवायची. ‘घडल्यापासून’, आपल्याला कळल्यापासून नव्हे. पावसाळ्यात रुग्ण डेंग्यूने गावाकडच्या दवाखान्यात दाखल होतो आणि नातेवाईक चौथ्या दिवशी फोन करतात. अशा वेळी कळताक्षणी कळवा आणि उशिराचं कारण सोबत लिहा. ‘डेंग्यूचा औषधाशी काय संबंध’ असं म्हणून गप्प बसू नका; संबंध पुढे ठरतो, दाखल होणं हीच एसएई. पुढचा सविस्तर, कारणमीमांसेसह अहवाल १४ दिवसांत, आणि तो संस्थाप्रमुखांनाही जातो. मृत्यू असेल तर अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत कमिटीने आपलं मत आणि भरपाईबद्दलची शिफारस पाठवायची. म्हणून महिन्याच्या ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता तातडीची बैठक बोलावण्याची तरतूद एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) असू द्या.

भरपाईचा हिशोब स्वतः करून पाहा. मृत्यूसाठी ८ लाख गुणिले वयाचा गुणक गुणिले जोखमीचा गुणक, भागिले ९९.३७. वयाचा गुणक कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यातून : ४० व्या वर्षी १८४.१७, ६५ आणि पुढे ९९.३७. जोखमीचा गुणक अतिगंभीर रुग्णासाठी ०.५, निरोगी स्वयंसेवकासाठी ४. चाळिशीचा, मध्यम जोखमीचा (गुणक २) रुग्ण असेल तर रक्कम सुमारे २९ लाख ६५ हजार येते. वाद नेहमी जोखमीच्या गुणकावर होतो. तो भरतीच्या वेळच्या प्रकृतीवरून ठरतो, मृत्यूच्या दिवशीच्या नव्हे. म्हणूनच पहिल्या भेटीच्या तपासणीच्या नोंदी तपशिलात लागतात.

औषधाची कोठडी आणि चुकलेल्या भेटी

२ ते ८ अंशांच्या फ्रिजकडे सगळे बघतात. नाशिकला खरी फसगत होते ती १५ ते २५ अंशांत ठेवायच्या औषधांची. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इथला पारा एक आकडी उतरतो, आणि एसी फक्त गार करतो. कमीत कमी तापमान नोंदवणारा डेटालॉगर आणि गरज पडल्यास हीटर ठेवा. रजिस्टरात रविवारसकट रोज एकाच पेनाने ‘४.०’ लिहिलेलं दिसलं तर लॉगरची नोंद मागा. मर्यादा ओलांडली गेली असेल तर औषध वेगळं ठेवून कुलूप लावा आणि स्पॉन्सरचं लेखी उत्तर येईपर्यंत एकही गोळी देऊ नका.

भेटी चुकण्यालाही इथला हंगाम असतो. दिंडोरी-निफाडचा द्राक्षबागायतदार ऑक्टोबरच्या छाटणीत आणि फेब्रुवारी-मार्चच्या तोडणीत येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये कुंभाच्या पर्वण्यांना रस्ते बंद असतील. भेटीचं वेळापत्रक आखतानाच या तारखा बाजूला काढा. प्रत्येक चुकलेली भेट डेव्हिएशन (ठरलेल्या आराखड्यापासून फारकत) म्हणून कमिटीकडे जाते.

निरीक्षण

सीडीएससीओचे अधिकारी आगाऊ कळवून किंवा न कळवता येऊ शकतात. पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत, म्हणजे सकाळी निघून दुपारच्या आत दारात. एक खोली, एक माहितगार माणूस आणि प्रत्येक दिलेल्या कागदाची यादी, एवढी तयारी कायम असावी. विचारलं तेवढंच उत्तर द्या. राहिलेली नोंद सापडली तर मागची तारीख टाकून भरू नका : आजची तारीख, ‘उशिरा केलेली नोंद’ असा शेरा, कारण आणि सही. चुकीचा आकडा एका रेघेने असा खोडा की खालचा वाचता येईल. व्हाइटनर को-ऑर्डिनेटरच्या टेबलावरून उचलूनच टाका. नंतर उत्तर पाठवताना ‘संबंधितांना समज दिली’ एवढ्यावर भागत नाही. कोणती एसओपी बदलली, कोणत्या तारखेपासून, कोणाला प्रशिक्षण दिलं, हे हजेरीपत्रकासह जोडा.