दुर्बिणीच्या तपासणीसाठी गावातून निघण्यापूर्वी

जठराची किंवा मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजेच एंडोस्कोपी, नीट पार पडणे हे डॉक्टरांच्या हाताइतकेच रुग्णाने घरी केलेल्या तयारीवर अवलंबून असते. एटापल्ली किंवा झरी जामणी तालुक्यातल्या गावातून नागपूरचे मेडिकल, मेयो किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठायचे म्हणजे मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते आणि सोबत घरचा एक माणूस न्यावा लागतो. एवढे करूनही सकाळी पोहे खाल्ले म्हणून किंवा आतडे साफ झाले नाही म्हणून तपासणी पुढे ढकलली गेली, तर सगळा खर्च आणि दगदग वाया जाते.

जठराच्या तपासणीत करंगळीएवढी जाड, लवचीक नळी तोंडातून अन्ननलिकेत, जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. नळीच्या टोकाशी दिवा व कॅमेरा असतो आणि तिच्यातूनच बारीक चिमटा घालून तुकडा काढता येतो, अडकलेले नाणे बाहेर घेता येते किंवा यकृताच्या आजारात अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावता येतात. यात पोटावर कुठेही छेद घेत नाहीत. पित्ताशयाची किंवा कुटुंब नियोजनाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया वेगळी असून तिच्यात पोटाला लहान छिद्रे पाडावी लागतात. या दोहोंची गल्लत करून कोणी घाबरत असेल, तर त्याला हा फरक आधी समजावून सांगावा. घास अडकणे, डांबरासारखी काळी शौच होणे, कारण नसताना वजन घटणे किंवा शरीरातले रक्त वारंवार कमी होणे, अशी लक्षणे असताना ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिनोन्‌महिने काढू नयेत. रक्ताची उलटी झाल्यास तारखेची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जावे.

आपल्या भागात दोन गोष्टी डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगायला हव्यात. पहिली खर्ऱ्याची. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षे खाणाऱ्यांचे गाल आतून ताठरतात आणि तोंड उघडेनासे होते. तपासणीच्या वेळी दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी ठेवून तिच्यातून नळी घालतात. ती कडीच बसली नाही, तर पुढचे काम अडते. म्हणून घरीच तीन बोटे एकावर एक अशी उभी दातांमध्ये जातात का ते पाहावे आणि जात नसतील तर तारीख घेतानाच सांगावे, म्हणजे बारीक नळीची सोय आधी पाहता येते. खर्रा खातो हे सांगायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो, पण येथे लपवण्याने नुकसान रुग्णाचेच होते. दुसरी गोष्ट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. हा आजार असलेल्या रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले, तर तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. उपवास आणि जुलाब या दोहोंनी नेमके तेच होते. अशा रुग्णाला तपासणीआधी सलाईन लावावे की काय, हे डॉक्टर ठरवतात. म्हणून सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि नेहमीप्रमाणे घेऊही नये. त्यांचे काय करायचे ते डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठीवर लिहून घ्यावे. मोठ्या आतड्याच्या तपासणीपूर्वी लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवतात, कारण त्यांनी शौच काळी व चिकट होते.

जठराच्या तपासणीआधी किमान सहा तास काही खाऊ नये, आणि साधे पाणीही शेवटचे दोन तास टाळावे. चहा, दूध, खर्रा, बिडी यांनाही त्या सकाळी सुट्टी द्यावी. घशात बधिर करणारा फवारा मारतात, रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवतात, आणि साधी तपासणी पाच ते दहा मिनिटांत संपते. उबळ येते, पण श्वासाची वाट मोकळीच असते. नाकाने संथ श्वास घेत राहावे, लाळ गिळू नये, ती गालावरून वाहू द्यावी.

मोठ्या आतड्याची तयारी अधिक जिकिरीची आहे. दोन-तीन दिवस आधीपासून ज्वारीची भाकर, अंबाडीची व इतर पालेभाजी, तीळ, जवसाची चटणी आणि संत्र्याच्या फोडी बंद कराव्यात. जवसाचे न पचलेले दाणे नळीत अडकतात आणि आतड्याची भिंत झाकतात. मऊ भात, वरणाचे पाणी, दही चालते. आदल्या दिवशी मात्र गाळलेले लिंबूपाणी, नारळपाणी, बिनदुधाचा चहा यांवरच राहावे आणि लाल रंगाचे सरबत टाळावे, कारण ते आत रक्तासारखे दिसते. जुलाबाची पावडर बहुधा दोन लिटर पाण्यात विरघळवून निम्मी आदल्या संध्याकाळी आणि निम्मी तपासणीच्या चार ते सहा तास आधी पितात. दुसरा निम्मा भाग एसटीत बसण्यापूर्वी पिणे अशक्यच असते, त्यामुळे लांबच्या रुग्णाने आदल्या दिवशीच शहरात पोहोचून, संडासाची सोय असलेल्या ठिकाणी मुक्काम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटची शौच लघवीसारखी पिवळसर, पारदर्शक झाली, म्हणजे आतडे तयार झाले.

सौंदर्य शस्त्रक्रियेतही दुर्बीण वापरतात. ओघळलेले कपाळ व भुवया उचलताना केसांच्या रेषेमागे काही लहान छेद घेऊन काम करतात. हौसेखातर केलेल्या अशा शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मिळेल असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये. आजारावरच्या उपचारासाठी मात्र रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाला, आधीच भेटावे.

गुंगीचे इंजेक्शन दिले असल्यास चोवीस तास मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नये. घसा बधिर असेपर्यंत पाणीही पिऊ नये. पोटात किंवा छातीत तीव्र कळ, ताप, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास लगेच जवळच्या रुग्णालयात जावे. तुकडा काढला म्हणजे कर्करोगच आहे असे नव्हे. जठरातल्या जंतूंसाठीही तुकडा तपासतात. त्याचा अहवाल मागाहून येतो, म्हणून निघण्यापूर्वीच तो कोणत्या खिडकीवर, कोणत्या दिवशी मिळेल आणि आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांना मोबाईलवर पाठवता येईल का, हे विचारून घ्यावे.