मापनाची शाब्दिक उदाहरणे: माझा अनुभव
पाचवीतल्या माझ्या मुलीला वजाबाकी चांगली येत असूनही मापनाची शाब्दिक उदाहरणे तिची हमखास चुकत असत. ‘५ किलो तांदळापैकी २ किलो ५० ग्रॅम वापरला, तर किती उरला?’ या उदाहरणात ती २ किलो ५० ग्रॅम म्हणजे २.५ किलो असे धरून अडीच किलो उत्तर काढी.

आता ती आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी प्रत्येक माप लहान एककात आणते आणि एकक प्रत्येक ओळीत लिहिते: ५००० ग्रॅम वजा २०५० ग्रॅम, म्हणजे २९५० ग्रॅम, म्हणजेच २ किलो ९५० ग्रॅम. शून्याची जागा त्यामुळे आपोआप सांभाळली जाते.

वेळेचे प्रकरण अधिक अवघड होते. ३ तास १५ मिनिटांतून १ तास ४० मिनिटे वजा करताना ती सुटा केलेला तास १०० मिनिटांचा मानत असे, म्हणून उत्तर १ तास ७५ मिनिटे येई. ते ६० मिनिटांहून अधिक असल्याने तिथेच शंका यायला हवी, हे मी तिला घड्याळाचा काटा फिरवून दाखवले. आता ती १५ वर ७५ लिहूनच ४० वजा करते आणि १ तास ३५ मिनिटे हे उत्तर बरोबर येते.

क्षेत्रफळात मात्र १ चौरस मीटरचे १०,००० चौरस सेंटीमीटर का होतात, हे चौकोन आखूनच समजवावे लागते.